पेशंटचे नातेवाईक कोण?

अतिदक्षता विभागाचं दार अर्धवट उघडतं. हिरव्या टोपीतलं एक डोकं बाहेर येतं आणि एक आडनाव पुकारून विचारतं, "नातेवाईक कोण?" बाकांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, भिंतीला टेकून बसलेली सगळी माणसं एकदम ताठ होतात. ज्याचं आडनाव असतं तो चपला शोधत धावतो, बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत राहतात. दोन मिनिटांत तो बाहेर येतो. काय म्हणाले, असं चारजण एकदम विचारतात. तो हातातली चिठ्ठी दाखवतो. "इंजेक्शन आणायला सांगितलंय."

कसलं इंजेक्शन, ते कशासाठी, तब्येत सुधारतेय की बिघडतेय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यानंही विचारलेलं नसतं. विचारायचं ठरवून तो आत गेला होता. पण समोरचा माणूस घाईत होता, आणि घाईतल्या माणसाला प्रश्न विचारायचा धीर मुंबईत वाढलेल्यालासुद्धा होत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय 'बोलणं' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला हे दार आठवलं. मग मध्य रेल्वेवर घाटकोपर ते मुलुंड आणि पश्चिम रेल्वेवर अंधेरी ते बोरिवली अशा दोन्ही बाजूंच्या रुग्णालयांत जाऊन बसलो. महापालिकेचं राजावाडी, कूपर, कांदिवलीचं शताब्दी ही नावं उपनगरातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला पत्ता न सांगता कळतात. त्यांच्या जोडीला काचेच्या दर्शनी भागांची मोठी खासगी रुग्णालयं आहेत, आणि सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान असलेली दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम्स तर गल्लोगल्ली. पुढे जे खटकलेलं लिहिलं आहे ते कुठल्या इमारतीत पाहिलं, हे मुद्दाम सांगत नाही. एका ठिकाणी पाहिलेलं दुसऱ्या दिवशी दुसरीकडे तसंच्या तसं दिसत होतं, मग एकाचंच नाव कशाला घ्यायचं?

रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला "कसं होतं तिथे?" असं विचारून बघा. शस्त्रक्रियेत टाके कसे घातले, प्रतिजैविक योग्य निवडलं होतं का, हे तो सांगत नाही. सांगूच शकत नाही, कारण त्याला ते कळायला मार्गच नसतो. तो सांगतो, रात्री बोलावल्यावर सिस्टर आली की नाही, डॉक्टरनं मान वर करून पाहिलं की नाही, आणि डिस्चार्जच्या दिवशी किती वेळ नुसतं बसवून ठेवलं. उपचार तोलण्याचा काटा त्याच्या हातात नाही, म्हणून हाती आहे त्या काट्यावर तो सगळं रुग्णालय तोलतो. डॉक्टरांना हा अन्याय वाटतो. थोडा आहेही. पण रुग्णाला पुढे काय होणार ते सांगणं, ही नेमकी कुणाची जबाबदारी आहे, असं विचारत फिरलं की प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवतो.

केसपेपरच्या खिडकीपासून

पालिकेच्या रुग्णालयात सकाळी रुग्णाला पहिल्यांदा भेटणाऱ्या तीन माणसांपैकी एकही वैद्यकीय नसतो. फाटकावरचा सुरक्षारक्षक, केसपेपरच्या खिडकीमागचा कारकून आणि ओपीडीच्या दारात रांग लावणारे मामा. आत तज्ज्ञ कितीही निष्णात असो, त्याच्यापर्यंत पोचणारा माणूस या तिघांशी बोलून चिडलेला तरी असतो किंवा निवळलेला तरी. रुग्णाशी कसं बोलावं, हे या तिघांपैकी कुणाला शिकवलंय का, असं मी विचारत होतो. अनुभवानं येतं, असं उत्तर मिळत होतं. अनुभवानं येतं ते बहुधा आवाज चढवणं. कारण तोच प्रश्न दिवसात शेकडो वेळा कानावर पडला की चांगला माणूसही खेकसू लागतो.

एका ओपीडीबाहेर मी नुसता बसून ऐकत होतो. "ही रांग कसली?" हा प्रश्न सतत येत होता आणि त्याचं उत्तर रुग्णालयातलं कुणीही देत नव्हतं. उत्तर देत होते आधीपासून बसलेले रुग्ण. सोनोग्राफीची तारीख कुठून घ्यायची, रक्त कुठल्या खोलीत काढतात, कुठला डॉक्टर नीट ऐकून घेतो, ही सगळी माहिती बाकांवरून फिरत होती. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा आलेली बाई आज नव्या बाईला वाट दाखवत होती. सार्वजनिक रुग्णालयाचं चौकशी खातं खरं म्हणजे रुग्णच चालवतात, तेही बिनपगारी.

त्यात भाषा. समोरचा निवासी डॉक्टर लातूरचा किंवा राजस्थानातला, सिस्टर केरळची किंवा सिंधुदुर्गातली, रुग्ण जौनपूरचा, कच्छचा नाहीतर मुरबाडचा. सगळे मिळून एक कामचलाऊ हिंदी बोलतात. तिच्यात ताप, उलटी, दुखणं सहज सांगता येतं. दोन महिन्यांपासून मनात दबा धरून बसलेली भीती मात्र त्या हिंदीत मावत नाही. साठीच्या मालवणी बाईनं छातीतली धडधड जशी सांगितली, ती डॉक्टरच्या कागदावर एका इंग्रजी अक्षरसमूहाची झाली. मग सून घरात आल्यापासून बाईंना झोप लागत नसल्याचा भाग त्या कागदावर उरला नाही. तो भाग औषधाच्या दृष्टीनं निरुपयोगी होता, असं मला तरी म्हणवत नाही.

दोन मिनिटांचा हिशेब

वेळच नाही, हे डॉक्टरांचं पहिलं उत्तर असतं आणि ते खोटं नाही. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतात याचा जगभरातला आढावा 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्याकडचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. ज्यानं पालिकेची सकाळची ओपीडी पाहिली आहे त्याला दोन मिनिटंही जास्तच वाटतील.

पण वेळेची सबब पुरती टिकत नाही, हेही जुनं संशोधन सांगतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात बार्बरा कोर्श या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आई आणि डॉक्टर यांच्यातल्या आठशे भेटी ध्वनिमुद्रित केल्या आणि १९६८ साली निष्कर्ष मांडले. मुलाला हे कशामुळे झालं असेल, हा प्रश्न जवळजवळ निम्म्या आया डोक्यात तसाच घेऊन घरी गेल्या होत्या. एक चतुर्थांश आयांनी तर आपली सर्वांत मोठी काळजी बोलूनच दाखवली नव्हती, कारण बोलायला फट मिळाली नाही. आणि गंमत अशी, की भेट किती मिनिटं चालली याचा समाधानाशी संबंध दिसला नाही. लांबलेल्या भेटींतही आया नाराज होत्या आणि छोट्या भेटींतूनही समाधानानं गेल्या होत्या.

दुसरा अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा, २००२ सालचा. डॉक्टरांना सांगितलं, रुग्णाला मध्ये तोडू नका, किती बोलतो ते घड्याळात बघा. डॉक्टरांना वाटलं होतं, सकाळ जाईल. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले आणि आपणहून थांबले. दहातल्या जवळपास आठ जणांचं दोन मिनिटांच्या आत संपलं.

पश्चिम उपनगरातल्या एका निवासी डॉक्टरला मी हा आकडा सांगितला. रात्रपाळी संपवून तो तसाच ओपीडीत बसला होता. तो हसला आणि बाहेरच्या रांगेकडे हात केला. प्रत्येकाला ९२ सेकंद नुसतं ऐकून घेतलं तरी तपासायला आणि लिहायला काय उरतं, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नाही. पण त्याच्याच शेजारच्या टेबलावर दुसरी निवासी डॉक्टर तितक्याच रुग्णांना तपासत होती आणि प्रत्येकाला उठण्यापूर्वी एक प्रश्न विचारत होती : अजून काही सांगायचंय? बहुतेक जण नाही म्हणून उठत होते. रांग दोन्ही टेबलांची सारख्याच वेगानं सरकत होती.

सायनला न्या

पूर्व उपनगरांत एक वाक्य प्रत्येक कुटुंबानं कधी ना कधी ऐकलेलं असतं : "इथे सोय नाही, सायनला न्या." सायन म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालय. उपनगरातल्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ नसतो किंवा व्हेंटिलेटर असलेली खाट रिकामी नसते, तेव्हा पुढे पाठवण्याशिवाय इलाज नसतो. वैद्यकीय दृष्ट्या निर्णय बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण नातेवाइकांच्या कानावर पडतं ते इतकंच, की इथून आम्हाला घालवलं.

न बोललं गेलेलं बरंच असतं. तिथे काय आहे जे इथे नाही? तिथे फोन केलाय का? वाटेत काही झालं तर रुग्णवाहिकेत डॉक्टर आहे का? तिथे गेल्यावर आधी कुठे जायचं, अपघात विभागात की वॉर्डात? रात्री अकरा वाजता १०८ च्या रुग्णवाहिकेत बसताना बापाच्या हातात एक चिठ्ठी असते आणि तीवरचं अक्षर त्याला लागत नाही. पलीकडे पोचल्यावर पहिला प्रश्न येतो, "इथे कुणी पाठवलं?" या एका प्रश्नानं माणूस किती खचतो, ते त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दोन सरकारी इमारतींमधल्या न केलेल्या एका फोनचं ओझं तो एकटा वाहत असतो.

एका रुग्णालयात मात्र वेगळं पाहिलं. अपघात विभागातल्या वयस्कर सिस्टरनी चिठ्ठीच्या पाठीवर मोठ्या देवनागरी अक्षरांत तीन ओळी लिहून दिल्या. कुठल्या दारानं आत जायचं, काय सांगायचं, कुठली फिल्म आधी दाखवायची. कुठल्याही नियमात हे बसत नाही. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, नाहीतर तेच लोक परत इथे येतात भांडायला.

दाराबाहेरची माणसं

भांडणाचा विषय निघालाच आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावानं मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, मुंबईतल्या पालिका रुग्णालयांच्या ओपीडी ओस पडल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्यात २०१० पासूनच होता. आंदोलनानंतर सुरक्षारक्षक वाढवण्याची आश्वासनं मिळाली आणि रुग्णासोबत मोजकेच नातेवाईक सोडण्याच्या पासपद्धतीवर भर आला.

मारहाणीचं समर्थन कुठलाही शहाणा माणूस करणार नाही. पण उपाय म्हणून आपण जे केलं ते तपासायला हवं. आपण दार आणखी बळकट केलं. पूर्वी चार नातेवाईक आत येत, त्यांना निदान सलाईन चालू आहे, कुणीतरी धावपळ करतंय, एवढं दिसे. आता ते सगळे दाराबाहेर आणि दारावर काठीवाला. आतलं दिसत नाही, कुणी सांगत नाही, आणि मग सहा तासांनी एकदम "सॉरी, आम्ही प्रयत्न केले." दुपारी दोनला 'तब्येत स्थिर आहे' ऐकलेल्या माणसाला रात्री आठला मृत्यू कळतो. मधल्या सहा तासांत प्रकृती खालावत गेली ती पायरी-पायरीनं, पण त्याला कळली एकदाच. डॉक्टरांच्या लेखी जो प्रवास होता, तो त्याच्या लेखी घात ठरतो.

'सिरियस आहे' हे वाक्यही असंच वापरून गुळगुळीत झालंय. आत घेताना प्रत्येकालाच ते सांगतात, सही घेतात. पुढे काही झालं तर आधी सांगितलं होतं, असं म्हणता यावं म्हणून. त्यामुळे खरंच प्रकृती बिघडते तेव्हा सांगायला वेगळे शब्द उरत नाहीत. मुलुंडच्या एका निवृत्त परिचारिकेनं मला त्यांच्या वॉर्डाची जुनी रीत सांगितली. वाईट पेशंट असला की दर पाळीच्या सुरुवातीला नातेवाइकांना एकदा बाहेर जाऊन सांगायचं, नवीन काही नसलं तरी. 'काही बदल नाही' हीसुद्धा त्यांना बातमीच असते, असं त्यांचं मत. ही रीत का मोडली, तर एका सिस्टरमागे असलेल्या खाटा वाढल्या आणि लिहायचे कागद त्याहून वाढले.

खरं कुणाला सांगायचं?

वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांनी २००० साली मांडली. 'स्पाइक्स' या नावानं ती जगभर शिकवतात. निवांत जागा निवडा, रुग्णाला काय ठाऊक आहे ते आधी विचारा, त्याला किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, भावना ओसरू द्या, पुढची योजना ठरवा. उत्तम पद्धत आहे. फक्त तीत रुग्ण खोलीत आहे, हे गृहीत धरलेलं असतं.

आपल्याकडे खोलीत रुग्ण सोडून सगळे असतात. मोठा मुलगा, जावई, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि व्हॉट्सअपच्या व्हिडिओवर न्यू जर्सीचा पुतण्या, जो प्रत्येक गोळीचं रासायनिक नाव विचारतो. आणि बाहेर येताच पहिली विनंती असते, "डॉक्टर, बाबांना सांगू नका हं. गाठ आहे म्हणा." बाबा आत पडल्या पडल्या सगळं ओळखून असतात, तेही बायकोला सांगू नका म्हणतात. एका खोलीतली तीन माणसं तीच बातमी एकमेकांपासून लपवतात आणि डॉक्टरनं या नाटकात तिघांचे संवाद सांभाळायचे. बोरिवली-मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरांत हे इतकं सर्रास आहे, की त्याला अपवाद निघाला तर आपणच त्या घराला कठोर ठरवतो.

कायदा मात्र स्वच्छ आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की संमती रुग्णाचीच हवी. ती उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे समजावून घेतलेली हवी, आणि एका तपासणीसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. त्या प्रकरणात रुग्ण बेशुद्ध असताना डॉक्टरांनी आईची परवानगी घेतली होती आणि ती ग्राह्य धरली गेली नाही. निकालाला इतकी वर्षं झाली. तरी संमतिपत्रावर सही घेण्याचा सर्वाधिक वापरातला मराठी संवाद अजून तीन शब्दांचाच आहे : "इथे सही करा." कुठे-कुठे मराठी छापील नमुने आहेत, पण त्यांचं मराठी वाचून सही करणाऱ्याच्या ज्ञानात भर पडण्याची शक्यता कमी.

घाटकोपरच्या एका सर्जननी स्वतःपुरता नियम केला आहे. पहिल्याच दिवशी कुटुंबाकडून एक नाव मागून घ्यायचं. त्याच्याशीच बोलायचं, बाकीच्यांना त्यानं सांगायचं. आणि रुग्णाला रोज एकदा, सगळ्यांना बाहेर काढून, विचारायचं : तुम्हाला माझ्याकडून काही जाणून घ्यायचंय का? विचारलं तर खोटं सांगणार नाही, हे कुटुंबाला आधीच बजावलेलं असतं. बरेच रुग्ण काहीच विचारत नाहीत, असं ते म्हणाले. काही फक्त एवढंच विचारतात की खर्च किती होईल.

नमस्कार, मी आपली काय मदत करू?

खासगी रुग्णालयात शिरलं की बोलण्याचा तुटवडा नाही. दारात नमस्कार, लिफ्टपाशी नमस्कार, जेवण कसं होतं ते विचारायला आहारतज्ज्ञ, सेवा कशी वाटली ते विचारायला हातात टॅब घेतलेली मुलगी. हे कर्मचारी खरोखर शिकवलेले असतात, अदबीनं वागतात, आणि पालिकेच्या ओपीडीतून आलेल्याला गहिवरून यावं असं ते वातावरण असतं. मात्र "आईंचा ताप उतरत का नाही?" असं विचारलं की तीच मुलगी तितक्याच अदबीनं सांगते, ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर राऊंडला केव्हा येतील? सांगता येत नाही, सर. गोड शब्द आहेत, पण माहिती काही हाती लागत नाही.

समाधान मोजण्याची साधनंही याच जातीची असतात. अमेरिकेत २००८ पासून रुग्णालयांचे रुग्ण-अनुभवाचे गुण जाहीर होतात, पुढे त्यांच्याशी सरकारी पैसेही जोडले गेले. तिथले प्रश्न निदान नेमके आहेत : डॉक्टरांनी, परिचारिकांनी तुम्हाला कळेल अशा रीतीनं समजावलं का? आपल्या केंद्र सरकारनं ऑगस्ट २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही प्रणाली सुरू केली. रुग्णाला एसएमएस किंवा फोन येतो. नाराज असाल तर कारण निवडायचं : कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा की आणखी काही. यात समजावून न सांगणं बसवायचं कुठे? वागणुकीत घातलं तर समजावणं म्हणजे सौजन्य, असा अर्थ होतो आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांना आणखी एकदा नमस्कार शिकवतं.

समाधानाच्या गुणांवर फार विसंबू नये, याला आणखी एक पुरावा आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ साली हजारो अमेरिकन रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा सर्वाधिक समाधानी गटाचा औषधपाण्यावरचा खर्च जास्त निघाला आणि मृत्यूचा धोकाही सुमारे २६ टक्क्यांनी जास्त. यातून डॉक्टरांनी तिरसट व्हावं असं कुणी काढू नये. पण रुग्णाला हवी ती तपासणी लिहून देऊन खूश ठेवणं आणि ती का नको हे पाच मिनिटं खर्चून समजावणं, यातलं पहिलं सोपं आहे आणि बिलातही दिसतं. डॉ. अरुण गद्रे यांनी 'कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची' या पुस्तकात डॉक्टरांकडूनच जी व्यवस्था वदवून घेतली, ती आठवली की हे लक्षात येतं.

खासगी रुग्णालयाची सारी अदब जिथे संपते ती जागा म्हणजे डिस्चार्जची दुपार. सकाळी डॉक्टर सांगतात, आज घरी जा. कपडे बदलून, पिशवी भरून, रिक्षाला थांबायला सांगून घर तयार होतं. मग फाइल बिलिंगला, बिलिंगहून विमा डेस्कला, तिथून टीपीएकडे, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे. "अप्रूव्हल आलं नाही." विमा नियामक प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये बजावलंय, की भरतीच्या वेळची कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाला तर जादा भार विमा कंपनीनं सोसायचा. हे किती रुग्णांना डेस्कवर कुणी आपणहून सांगतं? आठ दिवस नीट उपचार झालेलं माणूस नवव्या दिवशी चार वाजेपर्यंत बसून राहतं आणि शेजाऱ्यांना त्या नवव्या दिवसाचीच कथा सांगतं.

न सांगण्यात फायदा असतो अशाही जागा आहेत. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. नियम आहे, फलकही असतो. फलक कुठे लावलाय, ते मात्र ज्यानं त्यानं शोधायचं. राज्यानं २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणली, ती दर्शनी भागात लावायची आहे. मी पाहिलेल्या एका नर्सिंग होममध्ये ती होती. तिच्यापुढे पाण्याचा कूलर होता.

आपल्या डॉक्टरांना दाखवू

डॉक्टरनं सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो, असा एका डच संशोधकानं २००३ साली मांडलेला आढावा आहे. उपनगरातल्या माणसानं तो वाचलेला नसला तरी त्यावरचा उपाय त्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. घरी आल्यावर संध्याकाळी फाइल काखेत मारायची आणि 'आपल्या डॉक्टरां'कडे जायचं.

मुलुंडमधल्या अशा एका दवाखान्यात मी बसलो. पडद्यामागे तपासायचं टेबल, पुढे लाकडी बाक, भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. डॉक्टर सत्तरीचे, मराठी, गुजराती आणि थोडी तमिळ बोलणारे. आलेल्यांपैकी तीनचार जण स्वतःच्या दुखण्यासाठी आलेच नव्हते. मोठ्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड वाचून घ्यायला आले होते. डॉक्टर प्रत्येक गोळीवर खूण करत होते, ही नाश्त्याआधी, ही रात्री, ही पाच दिवस आणि मग फेकून द्या, आणि जुन्या डब्यातली ती पांढरी आता बंद. एका बाईंच्या घरी दोन वेगळ्या नावांची तीच रक्तदाबाची गोळी चालू होती, ते तिथे कळलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही मला सांगा, सकाळी कुठल्या घ्यायच्या? परदेशात असं परत वदवून घेण्याच्या पद्धतीच्या कार्यशाळा होतात. इथे ती सवयीनं चालू होती.

या वाचून दाखवण्याचे पैसे ते घेत नाहीत. मोठ्या रुग्णालयांनी न केलेलं काम उपनगरातल्या या बाकांवर फुकट पुरं होतं. पण हे दवाखाने मिटत चालले आहेत. डॉक्टरांची मुलं स्पेशालिस्ट झाली किंवा परदेशी गेली, गाळ्याचं भाडं परवडेना, इमारत पुनर्विकासाला गेली. पुढच्या पिढीनं फाइल कुणाला दाखवायची? बहुतेक जण आताच ती फोनला दाखवतात.

पगारी बोलणारे

नुसतं बोलण्यासाठी नेमलेली माणसं रुग्णालयांत अजिबात नाहीत असं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. टाटा समाजविज्ञान संस्थेनं पुढे अशी माणसं पिढ्यान् पिढ्या घडवली. पण आज ही मंडळी ट्रस्टांकडून मदत मिळवणं, बेवारस रुग्णांची सोय लावणं, कागद जुळवणं यात बुडालेली असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावरचा आरोग्यमित्र हाही खरं तर बोलण्यासाठीच नेमलेला. शिधापत्रिका, योजनेत बसणारा आजार, मंजुरी हे सगळं तो समजावतो. कित्येक कुटुंबांना इमारतीत नावानिशी ओळखीचा झालेला तो एकटाच असतो. त्याला आजाराविषयी मात्र काही सांगता येत नाही. तरी लोक त्यालाच विचारतात, कारण तो बसलेला सापडतो.

अवयवदानाच्या बाबतीत कायद्यानंच हे काम ओळखलं. २०११ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत रुग्णालयांना प्रत्यारोपण समन्वयक नेमावाच लागतो. मेंदू मृत झालेल्या तरुण मुलाच्या आईबापांशी कसं बोलायचं, कुठे बसवायचं, किती वेळ गप्प राहायचं, याचं रीतसर शिक्षण त्याला दिलेलं असतं. अंधेरीतल्या एका समन्वयकाशी बोलताना मला वाटलं, रुग्णालयांना बोलता येत नाही हे खरं नव्हे. कुटुंबाकडून काही हवं असतं तिथे माणूस, खोली, प्रशिक्षण सगळं मिळतं. बिलाच्या सल्लागाराचंही तेच, त्याची खुर्ची कधी रिकामी दिसत नाही.

वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. जुहूच्या कूपरला जोडलेलं पालिकेचं महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झालं, म्हणजे उपनगरातच शिकलेली आणि हे धडे घेतलेली मुलं आता वॉर्डात दिसू लागतील. परिणाम होईल, थोडा. धडा वर्गात शिकून मुलगा वॉर्डात येतो आणि तिथे सिनिअर जसा बोलतो तसा बोलायला लागतो.

बोरिवलीचं भगवती आणि मुलुंडचं अगरवाल या दोन्ही पालिका रुग्णालयांची पुनर्बांधणी वर्षानुवर्षं चालली, आणि नव्या इमारती खासगी भागीदारीत चालवायला देण्याच्या प्रस्तावावरून वाद सुरू झाला. स्थानिक मंडळी खाटांविषयी, दरांविषयी, तज्ज्ञांविषयी बोलतात आणि ते रास्तच आहे. त्या मागण्यांच्या यादीत माझी एक घालावी : अतिदक्षता विभागाला लागून चार खुर्च्यांची, दार लागणारी एक खोली, आणि दुपारी ठरल्या वेळी तिथे येऊन बसणारा, फाइल वाचलेला एक माणूस. खोली नकाशात बसवायला फार खर्च नाही. माणसाचं पद मंजूर व्हायला मात्र पालिकेत काही वर्षं सहज जातात, तेव्हा अर्ज आत्ताच टाकलेला बरा.